अंजिराच्या पानावरचं मीठ

मुंतहाच्या आधी चार मुली झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच निघाली, तेव्हा बापाने तिचं नाव मुंतहा ठेवलं, म्हणजे शेवटची, आणि पाळण्यात न डोकावताच तो रानात लाकडं तोडायला निघून गेला. नाव लागू पडलं. दोन वर्षांनी भाऊ झाला, नखले. घरात तिचं कौतुक झालं ते एवढंच, की हिच्या नावाने मुलगा आला.

लेबनॉनच्या उत्तरेच्या डोंगरात ऐन-नुसूर गाव उतारावर लटकल्यासारखं आहे. गाडीरस्ता खाली पेट्रोलपंपापाशी संपतो, पुढे दगडी पायऱ्या. या पायऱ्यांवर मुंतहाचं आयुष्य गेलं. आधी बापाबरोबर ओकची लाकडं, मग घरोघर डिझेलच्या शेगड्या आल्या तशी डिझेलचे डबे. मजुरी घेऊन ती अर्ध्या गावाचं डिझेल वर चढवायची. भरलेला डबा पाठीला घट्ट बांधायचा, पट्टा खांद्यांवर घ्यायचा, पाऊल पूर्ण टेकल्याशिवाय दुसरं उचलायचं नाही, आणि मधे बसायचं नाही, कारण बसलेला माणूस ओझ्यासकट उठत नाही. अर्धा डबा तिने कधीच उचलला नाही. भरलेला डबा पाठीवर मुकाट बसतो. अर्ध्या डब्यात डिझेल हिंदकळतं, ते एकीकडे जातं, माणूस दुसरीकडे, आणि पायरी तिसरीकडे राहते. कुणी अर्धा मागितला तर ती सांगायची, "थांब, पैसे जमव, पूर्ण घे."

साठी उलटली आणि गुडघे गेले. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. घरी म्हणजे खाली, पूर्वी जिथे खेचर बांधायचे त्या खोलीत. खोलीला शेगडी नव्हती, धुराडंही नव्हतं. पण दुपारनंतर वर यायची तिला मुभा होती. वरच्या खोलीत शेगडी आणि भिंत यांच्या मधल्या बोळकांडीत गवताने विणलेली एक बुटकी खुर्ची होती. वरून धुराच्या नळीचं कोपर गेलेलं, त्यामुळे डोक्यालाही शेक मिळे. तिथे बसून ती कांदे सोलायची, डाळ निवडायची, भावजयीची बोलणी ऐकायची. रात्री फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट घेऊन खाली जायची. विटेवर रात्र निघत नाही, पण दुपारभर हाडांत साठवलेली ऊब असली तर निघते. त्या खुर्चीपलीकडे तिला जगाकडून काही नको होतं.

गावात तिला मान होता तो वर्षातून एक दिवस. सप्टेंबरात क्रुसाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ती गच्चीवर अंजिराची सहा पानं मांडायची, थंडीच्या सहा महिन्यांची. प्रत्येक पानावर चिमूट चिमूट जाडं मीठ. उजाडताना बघायचं. ज्या महिन्याचं मीठ पाझरलं तो महिना ओला, हिमाचा. ज्याचं सुकं राहिलं तो कोरडा. हे बापाचं काम होतं. नखले सकाळी उठत नाही म्हणून ते मुंतहाकडे आलं. सणाची प्रार्थना, मिस्सा, संपली की गाव चर्चच्या अंगणात थांबायचं, ती पायरीवर उभी राहून सांगायची, आणि त्यावर गाव डिझेल घ्यायचं. ओलं म्हटलं तर दर चढायच्या आत पिंपं भरून ठेवायची. कोरडं म्हटलं तर लागेल तसा एकेक डबा.

आदल्या वर्षी तिने ओलं सांगितलं होतं. गावाने उसनवारी करून पिंपं भरली. हिवाळा आला तो उन्हाचा. डिसेंबरात बदामाला कळ्या फुटल्या, जानेवारीत डिझेलचा भाव उतरला. नखलेने ते वर्षभर विसरू दिलं नाही.

"माझे पैसे त्या पिंपात बुडवलेस," तो जेवताना म्हणायचा. "आणि ऊब खायला पहिली हजर."

त्याची बायको अदाल ताट उचलता उचलता म्हणायची, "मीठ भाजीत घालायचं असतं, मुंतहा. गच्चीवर नाही."

सणाच्या आदल्या दिवशी नखलेने स्पष्टच सांगितलं. "यंदा पुन्हा पिंप भरायला लावलंस तर खुर्ची खाली तुझ्या खोलीत. तिथे बस आणि मीठ चघळ. यंदा कोरडंच असायला हवं. कळलं?"

"ते माझ्या हातात आहे का, नखले?"

"तोंड तुझ्याच हातात आहे ना?"

उजाडताना ती गच्चीवर गेली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, मार्च सुके. डिसेंबर ओलसर. जानेवारीच्या पानात पाणी उभं होतं. फेब्रुवारीच्या पानावरचं मीठ वाहून फरशीवर ओघळ आला होता. बापाच्या हयातीतसुद्धा तिने असं पाहिलं नव्हतं. तिने पानं उचलली, गच्चीच्या कडेवरून टाकून दिली आणि झग्याच्या टोकाने फरशी पुसली.

अंगणात गाव जमलं होतं. फहीम कसाई पुढे उभा. "बोल, मुंतहा. मागच्या वर्षासारखं गारठवू नकोस. अजून घाम पुसतोय मी."

लोक हसले. नखले भिंतीला टेकून जपमाळ फिरवत होता.

"कोरडं," ती म्हणाली. "डिसेंबरात थोडं. बाकी कोरडं."

"देव तुझं भलं करो!" फहीमने टोपी उडवली. "बायकोला सांगतो, पिंपात लोणचं घाल."

गर्दी पांगली तशी उम्म घत्तास तिच्याजवळ आली. मुंतहाच्याच वयाची विधवा, पायऱ्यांच्या वरच्या टोकाला एकटी राहायची. मुलगा आफ्रिकेत. दर हिवाळ्यात तिची छाती भरायची, आणि मुंतहा पाठीवरून डबा घेऊन दारात आली की ती आधी कॉफी ठेवायची, मग पैशाचं बोलायची. असं करणारी गावात ती एकटीच.

"मला खरं सांग हं," उम्म घत्तास म्हणाली. "मुलाने पैसे पाठवलेत. पिंप भरू, की दात बसवू? वरचा एकही राहिला नाही. भाकरी भिजवून गिळते."

नखले तिथेच होता. जपमाळ थांबली होती.

"दात बसव," मुंतहा म्हणाली.

ऑक्टोबरात नखलेने तिला खालच्या गावी बहिणीकडे ऑलिव्ह तोडायला पाठवलं. जाताना बसचं भाडंही दिलं. असं त्याने कधी केलं नव्हतं. ती परतली तेव्हा तिच्या खोलीत चालायला जागा नव्हती. तिन्ही भिंतींना लागून पिंपं उभी, वर जुन्या सतरंज्या. अंथरूण दारापाशी सरकवलेलं. तिने एका पिंपावर बोटाने टिचकी मारली. रिकामं पिंप बोलतं. हे बोललं नाही. दुसरंही नाही.

नखले मागे उभा होता.

"हे काय रे?"

"गुलाबपाणी." तो हसला. "डिझेल. दुसरं काय असणार?"

"पण मी तर कोरडं सांगितलं होतं."

"म्हणून तर स्वस्तात मिळालं. पंपवाला माशा मारत बसला होता. 'सगळं घेतोस तर ने बाबा' म्हणाला."

"तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?"

"ताई," तो म्हणाला. ताई तो फक्त खुशीत असला की म्हणायचा. "तुझ्या आधी मी गच्चीवर जाऊन आलो होतो. फेब्रुवारीचं पान बघून माझ्याच अंगावर काटा आला. मग म्हटलं, बघू या, बहीण काय सांगते."

मुंतहा अंथरुणावर बसली. "नखले, गावाला सांगू या. अजून वेळ आहे."

"सांग की. अंगणात उभी राहा आणि म्हण, मी सणाच्या दिवशी खोटं बोलले. मी अडवणार नाही." तो दाराकडे वळला. "जाताना खुर्चीही तिकडेच घेऊन जा."

ती गेली नाही. दुपारी वर जाऊन बसली. त्या दिवशी गारठा नव्हता तरी अदालने शेगडी पेटवली होती, आणि मुंतहाने गुडघे पुढे केले. इतकी पिंपं आहेत म्हणजे मार्चपर्यंत शेगडी विझणार नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो तिने हाकलला नाही.

जानेवारी उजाडला आणि टीव्हीवरच्या हवामानवाल्याने नकाशावर निळा गोळा काढला. वादळाला दरवर्षीसारखं बाईचं नाव दिलं होतं. तीन दिवसांत पोचेल, म्हणाला. वीज घटकाभरच यायची, पण तेवढ्यात साऱ्या गावाने ते ऐकलं. सकाळी पंपावर रांग लागली. रांगेच्या शेंड्याला एक भाव, शेपटाला दुसरा. दुपारी पंपवाल्याने साखळी लावली. "शहरातून टँकर निघाला की सांगतो." टँकर निघाला नाही. हिम पडायला लागलं ते थांबेना. आधी वरच्या पायऱ्या गेल्या, मग रस्ता.

फहीम कसाई पहिला आला. शेगडीशी मुंतहा बसलेली बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"वा! आम्हाला कोरडं सांगून स्वतः भाजून घेतेय."

नखलेने त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं. पण दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

"मी तिचं ऐकलं असतं तर मीही तुझ्यासारखा फिरलो असतो, फहीम. म्हातारी झाली. काय बघते, काय सांगते. मी आपलं पोटाच्या अंदाजाने चार पिंपं घेऊन ठेवली. शेजारी आहेस म्हणून देतो. भाव पंपाचाच, वर थोडं ओझ्याचं."

पंप बंद होता. त्यामुळे पंपाचा भाव नखले सांगेल तो.

संध्याकाळी त्याने खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली. "लोक येणार-जाणार. तू इथे शेकत बसलेली दिसलीस की पैसे देताना त्यांचा हात जड होतो. रस्ता खुला होईपर्यंत खाली राहा. तसंही डबे भरायला खाली माणूस लागेलच."

"खाली शेगडी नाही, नखले."

"पिंपांच्या खोलीत शेगडी? गाव पेटवायचंय का?"

मुंतहा खाली डबे भरायला लागली. नळी पिंपात सोडायची, तोंडाने ओढायची, डिझेल ओठांशी आलं की नळी डब्यात टाकायची. काही तोंडात जायचंच. भाकरीला तीच चव, थुंकीलाही. लोक दारात डबा ठेवायचे आणि दुसरीकडे बघत उभे राहायचे. पूर्वी यांच्याच पिंपांत तिने पाठीवरून आणून ओतलं होतं. एका सुनेने डबा उचलताना म्हटलं, "मावशी, पोराला खोकला झालाय. तुमच्या मिठाने." मुंतहाने नरसाळं पुसलं.

गारठा वाढला तसं डिझेल दाटायला लागलं, थिजल्या तुपासारखं. लोकांच्या शेगड्या तुंबल्या, तक्रारी आल्या. नखलेने भरलेले डबे वर नेऊन शेगडी आणि भिंत यांच्या मधे, खुर्चीच्या जागी रचले. मुंतहाने डबा जिन्यावरून वर दिला तेव्हा तिला ते दिसलं.

"तिथे मी बसले तर? डबे मांडीवर घेऊन बसेन, अदाल."

अदाल वाईट बाई नव्हती. तिने खरंच विचार करून उत्तर दिलं. "माणूस गारठला तर कुडकुडतो. डिझेल गारठलं तर पैसे परत द्यावे लागतात."

चौथ्या दिवशी उम्म घत्तास आली. पायऱ्यांवरून बसत, सरकत खाली आली होती. डोक्याला मुलाचा जुना कोट बांधलेला. हातात डबा, पण पैसे अर्ध्याचेच. नखलेने वरूनच सांगितलं, "अर्धा देत नाही. दूधवाला समजलीस काय? मुलाला फोन कर, पाठवेल."

"फोन लागत नाही, बाबा."

"मग लागला की ये."

ती खाली मुंतहाच्या दारात येऊन उभी राहिली. काही मागितलं नाही. दात वाजत होते. नवे, पांढरे, सारखे.

"बघ," ती म्हणाली, "चांगले बसलेत. बदामसुद्धा फुटतो. फक्त थांबत नाहीत."

मुंतहा तिच्याकडे बघू शकली नाही. वर नखलेची पावलं वाजत होती. आता जेवायला बसेल, मग पुन्हा खाली डोकावेल. तिने नळी लावली, घाईघाईने ओढली. डिझेल दाट होतं, संथ येत होतं. वर जेवणाची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि तिने नळी काढली. डबा अर्धा भरला होता.

"ने. लवकर ने. पैसे ठेव तुझ्याकडेच."

उम्म घत्तासने डबा उचलला. आत डिझेल हिंदकळलं. तो आवाज मुंतहाने ऐकला. काय करायला हवं होतं ते तिला माहीत होतं. डबा परत घेऊन भरायचा, नाहीतर स्वतःच्या पाठीला बांधून वर पोचवायचा. गुडघे नव्हते, पण पायऱ्यांची कड धरून, सरकत, एकेक पायरी जमली असती. वेळ लागला असता. नखले खाली आला असता तर खोली रिकामी दिसली असती, आणि मग खुर्ची रस्ता खुला झाल्यावरही परत आली नसती.

"सावकाश जा," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

हिमात पडल्याचा आवाज होत नाही. नखलेलाच दुपारी दिसलं. पांढऱ्या पायऱ्यांवर पिवळट डाग, वरून खाली ओघळत थेट आपल्या दाराकडे आलेला. त्याच्या वरच्या टोकाला डबा, आणि डब्यापलीकडे उम्म घत्तास. खुब्याचं हाड गेलं होतं. फहीम आणि आणखी दोघांनी तिला घरी उचलून नेलं, खुर्च्या मोडून चूल पेटवली. रस्ता बंद. छाती भरत गेली. रस्ता खुला व्हायच्या आदल्या दिवशी ती गेली.

शोकाला गाव तिच्या घरी जमणार, खोली तापवायला हवी. नखलेने दोन भरलेले डबे स्वतः वर पोचवले आणि पैसे घेतले नाहीत. लोकांनी त्याला नावाजलं. फहीम म्हणाला, "माणूस धंदा करतो, पण मन आहे." प्रेताच्या तोंडात दात तसेच ठेवले. मुलाने पैसे भरले होते.

घरी आल्यावर नखले खालच्या खोलीत आला. तो चिडला नव्हता, उलट शांत होता.

"ते अर्ध्या डब्याचं मी कुणाला सांगितलं नाही. गावाला वाटतंय, मी दया केली. तसंच वाटू दे."

"मी तिला पूर्ण द्यायला हवा होता," मुंतहा म्हणाली.

"चोरलेला द्यायला हवा होता?" त्याने पिंपांवरची सतरंजी नीट केली. "खुर्चीचं विसर यंदा."

तो हिवाळा तिने खाली काढला. वीट मिळायची. एका हाताची दोन बोटं बधिर झाली ती तशीच राहिली.

पुन्हा क्रुसाचा सण आला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी संध्याकाळी तिने सहा पानं मांडली. उजाडताना जानेवारी ओला, फेब्रुवारी ओला. या वेळी तिने पानं टाकली नाहीत. सुपात ठेवून चर्चच्या अंगणात घेऊन गेली, लोकांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. पायरीवर उभी राहिली.

"ओलं आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षाहून जास्त. पिंपं भरा. गेल्या वर्षीही ओलंच होतं. मी खोटं बोलले."

फहीमने सुपात डोकावून बघितलं.

"पाणी ओतून आणलंस काय गं? एकदा ओलं सांगते, ऊन पडतं. एकदा कोरडं सांगते, गाव गाडलं जातं. आता म्हणते, ते खोटं होतं!" तो लोकांकडे वळला. "ऐका. मुंतहा ओलं म्हणाली. म्हणजे कोरडं! लोणचं घाला!"

सगळे हसले. तिला ओरडायचं होतं, पण ती नुसती सूप पुढे करत राहिली. एका पोरीने पानावर बोट टेकवलं आणि चाटून तोंड वाकडं केलं. कुणीतरी म्हणालं, "आता टीव्हीवरचा सांगेल तेव्हा बघू." नखले भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. त्याने पानं बघितली, जपमाळ खिशात टाकली आणि पंपाच्या दिशेने उतरायला लागला.

आठवड्याभरात खालची खोली भरली. या वेळी छतापर्यंत. अंथरुणाला जागाच उरली नाही, म्हणून मुंतहाची गादी वर आली, स्वयंपाकघराच्या बोळात. आणि अदालने खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून, शेगडी आणि भिंत यांच्या मधे ठेवली.

"बस, ताई," नखले म्हणाला. "यंदा चांगलं सांगितलंस."

जानेवारीत टीव्हीवर निळा गोळा आला. पंपावर रांग लागली, मग साखळी लागली. बाहेर हिम पडत होतं. मुंतहा खुर्चीत बसून कांदे सोलत होती. खिडकीतून वरचा उतार दिसायचा. उम्म घत्तासच्या धुराड्यावर हिमाची टोपी चढली होती. तिच्या शेजारची तीन-चार धुराडीही तशीच, धुराशिवाय. जिन्यात कुणाचा तरी रिकामा डबा पायरीला आपटला.

तिने गुडघे शेगडीच्या आणखी जवळ नेले.